पायी पाहिलेले बडोदे



ज्या सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांनी आम्हांस इतिहास शिकविला तो बव्हंशी वर्गाबाहेर. आठवीत असताना एका रविवारी सकाळी त्यांनी आम्हां तीस-बत्तीस मुलांना मांडवीच्या कमानीखाली उभे केले, चार गट पाडले आणि एकेका गटाला एकेका दरवाजाकडे पिटाळले. पावले मोजीत जायचे, दरवाजाला हात लावून परत यायचे आणि आकडा सांगायचा. परत आल्यावर एकाच रस्त्याने गेलेल्या मुलांचेदेखील आकडे एकमेकांशी जुळेनात. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "आकड्यापुढे पाऊल कोणाचे हेही लिहून ठेवा," एवढेच म्हणाले. त्या दिवशीची माझी वही कधीच हरवली. ते वाक्य मात्र मला आयुष्याच्या उत्तरार्धात पुन्हा सापडले. ते कसे सापडले, हेच आज सांगावयाचे आहे.

मी वास्तुविशारद नाही आणि संशोधकही नाही. बँकेत चाकरी करून निवृत्त झालो, आणि निवृत्तीनंतर पावसाळ्याचे महिने वगळून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी माजी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्याबरोबर येईल त्याला जुन्या बडोद्यातून पायी हिंडवून आणतो. ह्या उपक्रमाला नाव काय द्यावे ह्यावरच आमच्या बैठकीत तासभर वाद झाला होता. 'पदयात्रा' म्हटले की लोकांना निवडणूक आठवते किंवा पंढरपूर. 'सहल' म्हटले तर डबे घेऊन येतात. 'हेरिटेज वॉक' हा शब्द सगळ्यांना कळतो, पण सरांना तो रुचला नसता. शेवटी 'फेरी' हा शब्द मुक्रर झाला. प्रभातफेरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो जवळचा वाटतो.

शहर पायी दाखविण्याची ही पद्धत आपल्या भागात रुजली ती अहमदाबादेत. तेथील महानगरपालिकेने १९९७ साली काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत नित्याची फेरी सुरू केली. मंदिरापासून निघून, पोळीमागून पोळी ओलांडीत, लाकडी हवेल्या, चबुतरे आणि जैन देरासरे पाहत माणसे सुमारे अडीच तासांत मशिदीच्या प्रांगणात पोहोचतात. मी ती फेरी दोनदा केली आहे. अहमदाबादेस २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारसा-नगरीचा दर्जा दिला, त्यामागे वीस वर्षे रोज सकाळी चालणाऱ्या त्या पावलांचाही वाटा आहे असे मी मानतो. पाहणाऱ्याने ज्या घराकडे मान वर करून पाहिले, त्या घराचा मालकही दुसऱ्या दिवशी मान वर करून आपल्या घराकडे पाहतो. हे मी बडोद्यातही अनुभवले आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. बडोद्याचे नाव वडावरून पडले हे आपण जाणतोच. इसवी सन ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात 'वडपद्रक' ह्या गावाचे दान नोंदलेले आहे. त्या काळी खरे नगर होते ते विश्वामित्रीच्या पश्चिम काठावरचे अंकोट्टक, म्हणजे आजचा आकोटा. तेथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आपल्या संग्रहालयात आहेत. वडपद्रक हे पूर्व काठावरचे खेडे. पुढे गुजरातच्या सुलतानांच्या काळात तटबंदीचे चौकोनी शहर आखले गेले. पश्चिमेस लहेरीपुरा, पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर आणि दक्षिणेस गेंडीगेट असे चार दरवाजे, त्यांना जोडणारे एकमेकांस छेदणारे दोन सरळ रस्ते आणि ते जेथे मिळतात तेथे मांडवी. मांडवी म्हणजे जकातीचे, मालाच्या देवघेवीचे ठिकाण. मुंबईतही त्याच नावाचा भाग आहे. आपली ही मांडवी चौकोनी, प्रत्येक बाजूस तीन कमानी असलेली. पश्चिम दरवाजापासून पूर्व दरवाजापर्यंत रमतगमत चालले तरी वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. गायकवाडांच्या ताब्यात शहर कायमचे आले ते १७३४ मध्ये, म्हणजे आखणी आधीची आणि राज्य नंतरचे. आपण मराठी माणसे बोलण्याच्या भरात सगळे बडोदे गायकवाडांनी वसविले असे म्हणून टाकतो. फेरीत पहिली दुरुस्ती मी हीच करतो, आणि ती मांडवीखाली उभे राहूनच करतो. कारण त्या चार रस्त्यांच्या मधोमध उभे राहिलेल्या माणसाला आखणी डोळ्यांनी दिसते. नकाशात ती नुसती कळते.

फेरी रचणे म्हणजे इमारतींची यादी करणे नव्हे. पहिल्या वर्षी मी तीच चूक केली. एका सकाळी चौदा ठिकाणे दाखविली, शेवटी एका गृहस्थांनी विचारले, "ह्यांपैकी पहिले कोणते होते?" तेव्हापासून मी सहा-सातच ठिकाणे ठेवतो आणि त्यांच्यामधून एकच प्रश्न ओवीत नेतो. आमच्या फेरीचा प्रश्न आहे दाराचा. कोणते दार रस्त्याकडे उघडते, कोणते आत वळते आणि कोणते कोणाला बंद असते? हा तिसरा भाग मात्र मला आरंभी सुचलेला नव्हता. तो कसा आला ते पुढे सांगेन.

लहेरीपुऱ्याच्या दरवाजातून आत शिरले की दोन्ही हातांना पोळी लागतात. पोळीला बहुधा एकच मुख. रात्री ते बंद केले की आतली पंचवीस-पन्नास घरे एक कुटुंब होत. घरांना रस्त्यालगत ओटला, वर कोरीव तोडे, झरोके. सारी शोभा गल्लीकडे तोंड करून मांडलेली. गुजराती वैष्णव-जैन व्यापाऱ्याचे घर असे ओट्यावरूनच तुमच्याशी बोलू लागते. मराठी सरदाराचा वाडा ह्याच्या उलट. बाहेरून पाहावे तर उंच, कोरी भिंत आणि एक भक्कम दार. देवडी ओलांडून आत गेल्यावर चौक उघडतो आणि मग सारे वैभव त्या चौकाभोवती फिरते. एकात घर गल्लीवर विश्वास टाकते, दुसऱ्यात ते स्वतःवरच. ह्यात कोणाची थोरवी नाही. एकाला गिऱ्हाइकाची वाट पाहावयाची होती, दुसऱ्याला घोडे आत घ्यावयाचे होते.

बडोद्याची गंमत अशी की दोन्ही परंपरा शंभर-सव्वाशे वर्षांत एकमेकींच्या घरी जाऊन राहिल्या. हे पाहावयाचे असेल तर रावपुऱ्यातील तांबेकर वाड्यात चलावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बडोद्याचे दिवाण असलेले विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर ह्यांचा हा वाडा. आज तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. वरच्या मजल्यावरील भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. कृष्णलीला आहेत, महाभारतातील प्रसंग आहेत, आणि त्यांच्याच शेजारी टोप्या घातलेले साहेब नि झगे ल्यालेल्या मडमा. धर्म, दरबार आणि नवी सत्ता ह्या तिन्ही गोष्टी एकाच भिंतीवर, एकाच चितारी हाताने, कसलाही संकोच न बाळगता मांडलेल्या. फेरीत येणाऱ्या मुलांना मी तेथे दहा मिनिटे काहीही सांगत नाही. नुसते पाहू देतो, मग विचारतो की कोण कोणाकडे पाहत आहे. चित्रांबद्दल माझ्याजवळ असलेल्या माहितीपेक्षा मुलांची उत्तरे दर वेळी सरस ठरली आहेत.

मांडवीजवळच विठ्ठलाचे देऊळ आहे. आषाढी आणि कार्तिकी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा शहरातून वाजतगाजत निघतो. पंढरीचा विठोबा गुजराती बँडच्या तालावर जातो, आणि त्याला ओवाळायला दुतर्फा दोन्ही भाषांची माणसे उभी असतात. इतर ठिकाणी मी इमारत दाखवितो. ह्या ठिकाणी मी तारीख सांगतो आणि म्हणतो, त्या दिवशी पुन्हा या.

मांडवीहून मागे फिरून दरवाजाबाहेर आलो की शहराचा सूरच बदलतो. येथून सयाजीराव महाराजांचे बडोदे लागते. नाशिककडील कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसला, १८८१ साली त्याच्या हाती पूर्ण अधिकार आले आणि १९३९ साली मृत्यू येईपर्यंत त्याने राज्य केले. ह्या कारकिर्दीतील इमारतींचे दार कोणाकडे उघडते हे पाहण्याजोगे आहे. तटाच्या आतील जुन्या वास्तू देवाच्या, व्यापाराच्या किंवा मालकाच्या. तटाबाहेर न्यायालय, गायनशाळा, महाविद्यालय, मंडई आणि संग्रहालय. येणारा माणूस येथे भक्त नाही, गिऱ्हाईक नाही, आश्रितही नाही. तो नागरिक आहे, निदान तसे गृहीत धरले आहे.

न्यायमंदिर ही त्यांतली सर्वांत देखणी वास्तू. १८९६ साली व्हाईसरॉय लॉर्ड एल्गिन ह्यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. महाराजांच्या पहिल्या राणी, तंजावरहून आलेल्या चिमणाबाई, १८८५ मध्ये अकाली वारल्या. त्यांचे नाव ह्या वास्तूस दिलेले आहे. रचना रॉबर्ट चिझम ह्यांची. मद्रासला सेनेट हाउस बांधून ते येथे आले आणि बडोद्याच्या आकाशरेषेवर त्यांनी एवढी मुद्रा उमटविली की आजही दुरून घुमट दिसला की आपल्याला गाव आल्याचे कळते. महाविद्यालयाचा घुमट त्यांचाच. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण त्यात ठेवलेली आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत एक्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले होते. संमेलनास आलेल्या काही पाहुण्यांना मी न्यायमंदिरात नेले तेव्हा काळे डगले घातलेले वकील, पक्षकार, पट्टेवाले, चहावाले ह्यांनी ते गजबजलेले होते. त्याच वर्षी न्यायालये दिवाळीपुऱ्यातील नव्या इमारतीत गेली. न्यायमंदिरावरून जाताना आता मी आवाज थोडा खाली आणतो. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. रिकाम्या घराजवळून जाताना माणूस आणतोच.

सूरसागराच्या काठावर गायनशाळा आहे. उस्ताद मौलाबक्ष ह्यांनी १८८६ साली राज्याच्या आश्रयाने संगीताचे शिक्षण शाळेच्या पद्धतीने, स्वरलेखन शिकवून द्यावयास येथे आरंभ केला. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राबल्यावाचून विद्या मिळत नसे, त्या काळात फळ्यावर स्वर लिहून शिकविणे हे धाडसच होते. आज त्या वास्तूत सयाजीराव विद्यापीठाची संगीत-नृत्य-नाट्य ह्यांची विद्याशाखा आहे. सकाळी फेरी तेथे पोहोचते तेव्हा आतून तंबोऱ्याचा किंवा घुंगरांचा आवाज येतो, आणि व्याख्यान आपोआप थांबते. हिराबाई बडोदेकर ह्यांच्या आडनावातले बडोदे कोठून आले, हे मी तलावाकडे पाठ करून सांगतो. तलावात उभी असलेली १११ फुटी शंकराची मूर्ती पाहण्यात लोक इतके गुंगतात की समोर धरून काही सांगणे फुकट जाते.

मध्यवर्ती ग्रंथालयाला मी सर्वांत जास्त वेळ देतो, आणि त्याबद्दल माझ्यावर पक्षपाताचा आरोप होतो. असो. १९१० साली महाराजांनी विल्यम बोर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून आणले आणि राज्यभर फिरत्या पेट्यांतून गावोगाव पुस्तके पोहोचविणारी यंत्रणा उभी केली. पुस्तके ठेवण्याच्या दालनात पोलादी मांडण्यांचे मजल्यावर मजले आहेत आणि त्यांच्यामधील जमीन जाड काचेची आहे. दिवसाचा उजेड वरून खालच्या मजल्यापर्यंत झिरपत यावा, दिव्याची धग कागदाजवळ जाऊ नये, हा त्यातला विचार. ह्या एका जमिनीत मला त्या राज्यकारभाराचा स्वभाव दिसतो. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आधी १८९३ साली अमरेली भागात करून पाहिले, ते चालते असे दिसल्यावर १९०६ मध्ये साऱ्या राज्यास लागू केले. आधी प्रयोग, मग कायदा. आणि उजेड खालपर्यंत जाईल अशी तजवीज.

येथवर ऐकून आपल्याला वाटेल की हा गृहस्थ गतवैभवाची आरती करीत आहे. बरीच वर्षे मी तीच केली. फेरी सांगणाऱ्याला दोन मोह पडतात. पहिला, अतिशयोक्तीचा. लक्ष्मीविलास राजवाडा बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट आहे, हे वाक्य मी स्वतः कितीदा म्हटले असेल. राजवाड्याचा आराखडा करणारे मेजर मान्ट १८८१ मध्ये वारले आणि उरलेले काम चिझम ह्यांनी १८९० पर्यंत पुरे केले, ही झाली माहिती. परंतु आपले गणित चुकले, वास्तू कोसळणार, ह्या धास्तीने मान्टसाहेबांनी जीव दिला, ही गोष्ट मी अशा काही रंगवून सांगत असे की बायका हळहळत. एकदा ऐकणाऱ्यांत सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता होते. ते शांतपणे म्हणाले, "राजवाडा तर उभा आहे. मग चूक कोणती, ते सांगता का?" मी गप्प झालो. कोणाच्या तरी मृत्यूवर मी इतकी वर्षे टाळ्या मिळवीत होतो. त्या दिवसापासून ती गोष्ट बंद, आणि चौपटही बंद.

दुसरा मोह गाळण्याचा, आणि तो अधिक घातक, कारण गाळलेले कोणी विचारीत नाही. माझ्या बाबतीत विचारले ते आपल्याच शाळेतल्या नववीतल्या एका मुलीने. ग्रंथालयातून आम्ही बाहेर पडलो होतो. मी रंगात येऊन म्हणालो होतो की ह्या शहराने ज्ञानाची दारे सर्वांना उघडली. ती म्हणाली, "सर, मग बाबासाहेबांना राहायला खोली का नाही मिळाली?"

डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. करारानुसार राज्याची नोकरी करावयास ते १९१७ च्या सप्टेंबरात येथे आले. अस्पृश्य म्हणून कोणी जागा देईना, तेव्हा एका पारशी उतारूघरात ते पारशी नाव धारण करून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांना बजावून गेला. दोन मित्रांकडे आश्रय मिळतो का पाहिले, तो मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवलेले आहे. ज्या राज्याने त्यांना समुद्रापलीकडे पाठविले त्याच राज्याच्या राजधानीत त्यांना एक खोली मिळाली नाही. राज्याने अस्पृश्यांसाठी शाळा १८८२-८३ पासून काढल्या होत्या, हेही खरे. दोन्ही खरे आहे, आणि एकाने दुसरे पुसले जात नाही.

त्या मुलीला मी काय उत्तर दिले? काहीच नाही. घरी येऊन मी आमच्या फेरीतील ठिकाणे कागदावर लिहिली आणि प्रत्येकापुढे एक प्रश्न लिहिला: १९१७ साली हे दार त्यांना उघडले असते का? पोळ, वाडा, देऊळ, धर्मशाळा. कागद भरत गेला आणि मला सरांची ती मांडवीची सकाळ आठवली. पाऊल कोणाचे, हे लिहून ठेवा. आम्ही आकडे मोजले होते ते ज्यांना प्रत्येक दरवाजाला हात लावता येत होता अशा मुलांच्या पावलांनी.

तेव्हापासून फेरी सयाजीबागेत संपते. रावपुऱ्यावरून कोठीकडे आणि पुढे काळ्या घोड्यापर्यंत हा पल्ला थोडा लांबचा आहे. वयस्क मंडळी रिक्षा करतात. वाटेत १९३६ चे कीर्तिमंदिर लागते. आत नंदलाल बोस ह्यांची भित्तिचित्रे आहेत, त्यांतले गंगावतरण तर पाहावेच. पण त्यासाठी स्वतंत्र सकाळ काढावी. बागेत आंबेडकर जेथे बसले होते ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर वर्षी २३ सप्टेंबरला तेथे हजारो माणसे येतात. काही जुन्या सभासदांना हा बदल रुचला नाही. एकाने मला स्पष्ट सांगितले की रविवारची सकाळ अशी जड करू नये. ते आता येत नाहीत. त्यांची उणीव मला भासते, कारण पोळींतल्या घरांविषयी त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

गाळण्याची माझी आणखी एक खोड सांगून टाकतो. दांडिया बाजारात एका पाच मजली इमारतीवरून मी लोकांना झपझप नेत असे. पलीकडच्या घरांविषयी बोलत असे: ह्याच भागात अरविंदबाबूंचे वास्तव्य होते, सुरतच्या काँग्रेसनंतर १९०८ च्या जानेवारीत सरदार मजुमदारांच्या वाड्यातील खोलीत विष्णु भास्कर लेले ह्यांनी त्यांना ध्यानास बसविले, प्रोफेसर माणिकराव आपले गुरू जुम्मादादा ह्यांच्या नावाने व्यायाममंदिर चालवीत. मधल्या त्या इमारतीविषयी अवाक्षर नाही. तेथे आमचा वाडा होता. दोन चौक, विहीर, माजघराच्या भिंतीत तुळशीबागेसारखे कोनाडे. आम्ही चार भावंडांनी सह्या केल्या आणि तो विकला. सागवानी खांब आधी गेले. बंगले सजविणाऱ्यांत त्यांना चांगली मागणी असते. २०१४ च्या सुमारास नजरबाग राजवाडा जमीनदोस्त झाला तेव्हा मी वर्तमानपत्राला संतप्त पत्र लिहिले होते. ते छापून आले, आणि माझ्या थोरल्या बहिणीने दूरध्वनी करून एवढेच विचारले, "आपल्या वाड्याच्या वेळी कोणाला पत्र लिहिले होतेस?"

तिचे बरोबर होते. परंतु आमचे कारणही खोटे नव्हते. एका वाड्यात चार बिऱ्हाडे, त्यांतली दोन परगावी, छपराची कौले दर पावसाळ्यात बदलावी लागत, भाडेकरू जुन्या भाड्यावर, सुतार मिळेना, आणि आईला जिना चढवेना. फेरीतले पाहुणे वाडा पाहून हरखतात आणि ताबडतोब म्हणतात की हे जपले पाहिजे. कोणी जपावे, कोणाच्या पैशाने, आणि जपणाऱ्याच्या म्हाताऱ्या आईने कोठे राहावे? म्हणून आता मी त्या पाच मजली इमारतीसमोर थांबतो आणि हा हिशेब उघड सांगतो. त्यानंतर होणारी चर्चा दिवसभरातली सर्वांत चांगली असते. एकदा एका तरुण वास्तुविशारद मुलीने तेथेच उभ्या उभ्या कागदावर दाखविले की पुढचा चौक आणि दर्शनी भाग तसाच राखून मागे मजले चढविता आले असते. मला ते पाहवले नाही, पण कागद मी जपून ठेवला आहे.

ज्यांना आपापल्या गावी, इंदूरला, ग्वाल्हेरला, बेळगावला, अशी फेरी सुरू करावयाची असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. वीसहून अधिक माणसे घेऊ नयेत. पोळीत मागच्याला ऐकू जात नाही. ध्वनिवर्धक तर मुळीच वापरू नये. लोक घरात झोपलेले असतात. आधी दोन-तीनदा एकट्याने जाऊन ओट्यावरच्या आजींशी ओळख करावी. विचारल्याशिवाय चौकात शिरू नये आणि छायाचित्र काढू नये. वाळत घातलेल्या लुगड्यांचेही नाही. एका घरी तर आम्हांला आत बोलावून मालकिणीने सांगितले, "बघा, पण छत गळतंय हेही लिहा." जे पक्के ठाऊक असेल ते माहिती म्हणून सांगावे, ऐकीव असेल ते ऐकीव म्हणून सांगावे. आणि शेवटी न्याहारी असावी. आमच्याकडे ती शेव-उसळीची असते, आणि काही सभासद केवळ तिच्यासाठी येतात हे मला पक्के ठाऊक आहे.

येत्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता लहेरीपुरा दरवाजापाशी जमावयाचे आहे. शाळेच्या मुलांनी वही आणि पेन्सिल बरोबर आणावी. मांडवीपासून चारही दरवाजांपर्यंतची पावले आपण पुन्हा मोजणार आहोत, आणि प्रत्येक आकड्यापुढे नाव लिहावयाचे आहे.